वर विस्तव, खाली विस्तव : मराठी घरातल्या केकचा इतिहास

गणेशोत्सवातल्या पाककला स्पर्धांची यादी गेल्या काही वर्षांत बदलली आहे. मोदक, पुरणपोळी आणि वड्यांच्या शेजारी आता केक, ब्राउनी, चीजकेक आणि फळांचे टार्ट मांडलेले असतात. घरोघरी ओव्हन आले, मुली आणि सुना नवनव्या कृती शोधून करून पाहतात, काही जणी ऑर्डरीही घेतात. त्या टेबलाभोवती दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ज्येष्ठ म्हणतात, "हे आपले नव्हे, आपल्याकडे असले भाजून करायची पद्धतच नव्हती." तरुण म्हणतात, "आजीच्या वेळी कुठे होते हे सगळे?" दोन्ही वाक्यांत एकच समजूत आहे : भट्टीतले गोड पदार्थ मराठी घरात काल-परवा आले.

ही समजूत इतिहासाला धरून नाही. मराठी स्वयंपाकघराला कोरड्या आचेवर, चहूबाजूंनी उष्णता देऊन भाजण्याची विद्या फार पूर्वीपासून ठाऊक होती. नव्हती ती घरातली भट्टी. अडचण विद्येपेक्षा परवानगीची जास्त होती : विस्तव कुणाचा, पीठ कुणी मळायचे, त्यात अंडे चालेल का, आणि ते खाल्ले तर लोक काय म्हणतील. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी या प्रश्नांची उत्तरे आपापल्या गावी शोधली. तो इतिहास ग्रंथांत थोडा आणि घरातल्या वह्यांत जास्त आहे, म्हणून तो मांडून ठेवावासा वाटतो.

खापर आणि बहिष्कार

भाजण्याच्या गोड पदार्थांत आपल्याकडे सर्वांत जुना मान मांड्यांचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मंडक' येतो. खानदेशात आजही उलट्या खापरावर हातभर पातळ पुरणाचे मांडे भाजतात. बेळगावात लग्नकार्यात साखर-खव्याचे मांडे करतात, त्यासाठी कढई पालथी घालून खाली जाळ करतात. पालथ्या भांड्याचा घुमट सगळीकडून सारखा तापतो आणि हाताने वाढवलेली नाजूक पोळी न फाटता त्यावर बसते. यामागे पिठाची आणि आचेची किती जाण लागते, हे ज्यांनी मांडे होताना पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

मांड्यांची आपल्या सर्वांना ठाऊक असलेली कथा मात्र पाककलेची नाही. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबा चाटी यांनी कुंभारांना बजावले होते की या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचे नाही. मग ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि त्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला समाज खरा आहे. एखाद्या घराला वाळीत टाकायचे तर त्याचे भाजायचे भांडे बंद करायचे, म्हणजे सणाचा पदार्थ बंद होतो. भाजण्याची सोय आणि समाजाची संमती यांची गाठ आपल्याकडे इतकी जुनी आहे. पुढच्या सातशे वर्षांत खापराची जागा बेकरीच्या भट्टीने घेतली, तरी ही गाठ सुटली नाही.

झाकणावरचे निखारे

ओव्हनचे तत्त्व साधे आहे. पदार्थाला खालून, वरून आणि बाजूंनी कोरडी उष्णता मिळाली पाहिजे. चुलीवर फक्त खालून जाळ मिळतो. यावर कोकणाने आणि गोव्याने काढलेला तोडगा म्हणजे झाकणावर निखारे.

भाद्रपदाच्या सुमारास परसातली तवशी जून होऊन पिवळी पडतात. त्यांचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलची एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचे, पातेले मंद विस्तवावर ठेवायचे, वर झाकण ठेवून त्यावर निखारे पसरायचे. कोकणात याला धोंडस म्हणतात, गोव्याकडे तवसळी. खालून खरपूस, वरून तांबूस आणि आतून मऊ असा हा पदार्थ सुरीने कापून वाढतात. मैदा नाही, अंडे नाही, लोणी नाही, पण हा केकच आहे. आमच्याकडे भाजून करायची पद्धत नव्हती असे म्हणणाऱ्या कोकणी मुळाच्या कुटुंबांनी आपल्या गणपतीच्या दिवसांतला हा पदार्थ आठवावा.

हेच तंत्र गोव्याच्या ख्रिस्ती घरांत बेबिंकेच्या रूपाने शिखराला पोचले. नारळाचे दाट दूध, साखर, थोडा मैदा आणि पुष्कळ अंड्यांचा पिवळा बलक यांचे सरबरीत मिश्रण करतात. तूप लावलेल्या भांड्यात पळीभर मिश्रण घालायचे, झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवायचे, थर तांबूस झाला की त्यावर तूप आणि दुसरी पळी. असे सात थर, हौस असेल तर सोळा. दर थराला वरची आच लागते आणि खालचा थर करपू द्यायचा नसतो, म्हणून बेबिंकेला अर्धा दिवस जातो. एकाच किनाऱ्यावर, एकाच पद्धतीच्या झाकणाखाली, एका घरात तवसळी होत होती आणि शेजारच्या घरात बेबिंका. दोघींमध्ये अंड्याची आणि धर्माची भिंत होती, विस्तवाची पद्धत मात्र एकच होती.

माळव्यात वसलेल्या मराठी कुटुंबांनी बाटी-बाफले आपलेसे केले, वऱ्हाडातून आलेल्यांनी गोवऱ्यांच्या राखेत भाजलेले रोडगे बरोबर नेले. तेही भट्टीविना भाजणेच. ते गोड नसल्याने इथे फक्त नोंद करतो.

पाव, छावणी आणि 'बाट'

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्यामागोमाग गव्हाच्या आंबवलेल्या पावाची गरज आली. इथे यीस्ट नव्हते, म्हणून माडाच्या सुरेने, म्हणजे ताडीने, पीठ फुगवू लागले. साष्टी तालुक्यातली पोदेर मंडळी या धंद्यात तरबेज झाली आणि गोव्याबाहेर पडून मुंबईतही भट्ट्या लावून बसली. आज गोव्यात सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर हिंदू-ख्रिस्ती सर्वांच्या दारी थांबतो. पण शतकानुशतके पावाला 'बाट' चिकटलेली होती. विहिरीत पाव टाकला, ते पाणी गावाने प्यायले आणि गाव बाटला, अशा आख्यायिका कोकणपट्टीत सांगत आले आहेत. त्या शब्दशः घडल्या की नाही यापेक्षा त्या सांगितल्या जात होत्या हे महत्त्वाचे. त्यातून पावाविषयीची भीती कळते. पाव परधर्मीयाने मळलेला, पाण्यात भिजवलेला, ताडीने आंबवलेला. सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात त्याच्यावर तीन ठपके बसत.

गोव्याबाहेर बेकरी पोचवली ती इंग्रजांच्या लष्कराने. महू, मुरार, सिकंदराबाद, बेळगावचा कॅम्प, बडोद्याचा कॅम्प : जिथे गोऱ्या पलटणी, तिथे पाव आणि बिस्किटे लागणारच. आपली बृहन्महाराष्ट्रातली जुनी गावे पाहिली तर जवळजवळ प्रत्येकीला अशी एक छावणी चिकटलेली आहे. शहरातल्या वाड्यात राहणारा मराठी कारकून, शिक्षक किंवा दरबारी नोकर छावणीच्या बेकरीवरून जात असे आणि भट्टीचा वास घेत असे. विकत घेऊन उघडपणे घरी आणणे ही वेगळी गोष्ट होती.

ती किती वेगळी होती याचा पुरावा पुण्याचा आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. त्या काळातल्या घरातल्या बायकांना याची किती झळ पोचली, हे रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचताना समजते. श्राद्धाला ब्राह्मण मिळेनात, नातेवाईक पंगतीला येईनात, असे प्रसंग पुरुषांच्या सभेतल्या एका पेल्यामुळे बायकांच्या स्वयंपाकघरावर कोसळत. त्याच टिळकांच्या पुढाकाराने १८९३ पासून पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. आज त्या उत्सवाच्या मांडवातल्या आनंदमेळ्यात आपण निर्धास्तपणे केकचे स्टॉल लावतो. मधली वाट कशी पार झाली, हा खरा प्रश्न आहे.

नानकटाईचा मधला मार्ग

माझ्या मते ती वाट नानकटाईने काढून दिली.

नानकटाईची जन्मकथा सुरतेची. सुरतेत डचांची वखार होती आणि तिच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. डच निघून गेल्यावर ती भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, असे सांगतात. गिऱ्हाईक आटले, पाव शिल्लक राहून वाळू लागले, त्या वाळलेल्या पावांना पचायला हलके म्हणून मागणी आली, आणि त्यातून सुरती बटर आणि नानकटाई असे टिकाऊ पदार्थ पुढे आले. 'नान' म्हणजे फारसीत पोळी. 'खताई'चा संबंध पुष्कळ जण चीनच्या 'खिता' या जुन्या नावाशी जोडतात. सुरतेशेजारची नवसारी तेव्हा गायकवाडांच्या बडोदे राज्यात होती, त्यामुळे पारशी बेकरीचा हा माल आपल्या बडोद्याला परका नव्हता.

नानकटाईची कृती पाहा. एक वाटी साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा. कुणी त्यातला थोडा मैदा कमी करून बेसन किंवा बारीक रवा घालतात. वर वेलची, जायफळ. अंडे नाही. ताडी नाही. आणि पाण्याचा थेंब नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे. जुन्या आचारात पाण्यात शिजवलेले अन्न लवकर 'विटाळत' असे, तुपात केलेले पदार्थ मात्र प्रवासात, पाहुण्यांत, पंगतीबाहेर चालत. उत्तरेत राहिलेल्या मराठी घरांना कच्च्या-पक्क्या रसोईचा हा भेद चांगला माहीत आहे. नानकटाईचे पीठ घरचे, तूप घरचे, मळणारा हात घरचा. परका फक्त विस्तव. आणि 'अग्नी सगळे शुद्ध करतो' हे शास्त्रवचन सोयीचे होतेच. सुधारकांच्या भाषणांनी जे चटकन होत नव्हते, ते पिठाच्या एका गोळ्याने वाद न घालता केले.

भट्टीवरची दुपार

यातून जी चाल पडली ती विसाव्या शतकात आपल्या जवळजवळ सर्व गावांत होती : पीठ घरी करायचे आणि भाजायला बेकरीत न्यायचे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हे वर्णन वाचून स्वतःचे बालपण आठवेल.

आदल्या रात्री तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायला बसायचे. तूप पांढरे, हलके झाले की त्याचा ठिपका पाण्यात टाकून पाहायचा; तरंगला तर झाले. हाताने फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, भट्टीत ते प्रसरण पावतात आणि नानकटाई फुलून वर भेगाळते. आजच्या यंत्राने लोणी आणि साखर फेसतात तेव्हा हेच होते. मग पीठ झाकून डब्यात भरायचे आणि मुलांपैकी कुणाला तरी भट्टीवर पाठवायचे. बेकरीवाला पत्र्याचे ट्रे द्यायचा, तिथेच बसून गोळे वळायचे, वर चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबायचा. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कुणी एका गोळ्यावर खूण करी, कुणी चिठ्ठी लावी. भाजणावळ वजनावर.

वेळ बहुधा दुपारची असे, आणि त्यामागे गिऱ्हाइकाची सोय हे कारण नव्हते. लाकडाची भट्टी रात्री पेटवून तिच्या विटा तापवतात, मग निखारे बाजूला काढून पहाटे पाव लावतात. पावाला तीव्र उष्णता लागते, सव्वादोनशे अंशांच्या आसपास. तो माल निघाला की भट्टी हळूहळू उतरत जाते आणि दुपारी ती एकशेसाठ-सत्तर अंशांवर येते. नानकटाईला, बिस्किटांना आणि केकला हवी असते ती हीच उतरती, शांत आच. कारागिराकडे तापमापक नसे. भट्टीच्या तोंडाशी हात धरून किंवा चिमूटभर पीठ आत टाकून ते किती वेळात तांबूस होते हे पाहून तो ओळखायचा. घरातल्या बायका पुढे हीच युक्ती कागदाचा तुकडा ओव्हनमध्ये ठेवून करू लागल्या.

त्या भट्टीच्या ओट्यावर जे घडत होते ते निव्वळ भाजण्यापुरते नव्हते. बेकरीवाला इराणी, पारशी, मुसलमान किंवा गोव्याचा ख्रिस्ती असायचा. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात त्याच्या दारात मराठी, गुजराती, सिंधी, तेलुगू घरांचे डबे रांगेत लागत. हैदराबादेत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबाने १९५३ साली मोअज्जम जाही मार्केटजवळ कराची बेकरी काढली. ग्वाल्हेरला सिंधमधूनच आलेल्या जे. बी. मंघाराम यांचा बिस्किटांचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचे देवादिकांच्या चित्रांचे पत्र्याचे डबे कित्येक मराठी घरांत लाडू-चिवडा ठेवायला वर्षानुवर्षे वापरले गेले. पुण्याला गेलेला माणूस १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे आणल्याशिवाय परतेना. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ज्याच्या हातचे बिस्कीट खाल्ले म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्याच्याच हाती दिवाळीच्या फराळाचा ट्रे विश्वासाने सोपवला जात होता. हे परिवर्तन कुठल्याही ठरावाने झाले नाही. ते डबा उचलून नेणाऱ्या मुलांनी आणि त्यांना पाठवणाऱ्या आयांनी घडवले.

अंड्याचा प्रश्न

नानकटाईपर्यंत प्रश्न नव्हता, केकपाशी तो अडला. केक फुगतो आणि उभा राहतो तो मुख्यतः अंड्यामुळे. फेसलेले अंडे हवा धरून ठेवते आणि उष्णतेने घट्ट होऊन त्या हवेभोवती भिंती बांधते. अंडे काढून घेतले तर फुगवायला वेगळे काही हवे आणि बांधून ठेवायलाही वेगळे काही हवे.

पहिल्या अडचणीचे उत्तर आले ते गंमतीदार रस्त्याने. इंग्लंडात बर्मिंगहॅम इथल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्याविना कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ साली यीस्टविना पीठ फुगवणारी बेकिंग पावडर. एका आजारी बाईच्या पथ्यासाठी शोधलेल्या या दोन पुड्या समुद्र ओलांडून अशा देशात आल्या, जिथे लाखो घरांना अंडे आणि ताडी पथ्य म्हणून नव्हे, धर्म म्हणून वर्ज्य होती. मराठी घरात फ्रूट कस्टर्ड इतके सहज का रुजले, याचे कारण इथे आहे.

दुसऱ्या अडचणीला दह्याने उत्तर दिले. आंबट दही आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगते. ढोकळा-इडलीवाल्या प्रदेशात राहणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नव्हती. रवा, दही, साखर, दूध, तूप, सोडा यांचा रव्याचा केक त्यातूनच आला. दह्यातले आणि दुधातले प्रथिन थोडीफार बांधणी करते, रवा उरलेली करतो. पुढे डबाबंद आटवलेले दूध मिळू लागले आणि त्यातला दाटपणा व गोडवा अंड्याची जागा घेऊ लागला. 'बिनअंड्याचा केक' म्हणजे केकची गरिबाघरची नक्कल असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. बंधन पाळून तोच परिणाम साधायचा, हे मूळ कृती तशीच उतरवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते हजारो अनाम बायकांनी चुकत-माकत पुरे केले.

काही घरांत अंड्याचा केकही होत असे, पण त्याचे भांडे वेगळे, चमचा वेगळा, जागा गच्चीत किंवा मागच्या पडवीत. आजेसासूबाईंना त्याला नाव 'गोड पाव' असे सांगितले जाई. या लपवाछपवीवर आज हसू येते, पण तीत सुनेची हिंमत होती आणि सासूची न बोललेली मुभाही होती.

वाळूचा कुकर आणि गोल ओव्हन

दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे साखर मोजून मिळत होती. साजूक तूप महाग झाले तसा १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याचा पिवळा डबा नानकटाईच्या परातीपाशी आला. अशा काळात भट्टीवर भाजणावळ देण्यापेक्षा घरी काही जमते का, हे बायका पाहू लागल्या. जाड पातेल्यात किंवा शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये दोन बोटे वाळू पसरायची, ती वीस मिनिटे तापवायची, वर ताटली ठेवून तीत केकचा डबा बसवायचा आणि झाकण लावायचे. वाळू उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते, म्हणून बूड करपत नाही. कोकणातल्या धोंडसाच्या पातेल्यातून आणि भडभुंज्याच्या कढईतून हे ज्ञान थेट चालत आले होते. नंतर विजेचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणात काच आणि आत तार. तो शेजारीपाजारी फिरायचा. एका आळीत एक ओव्हन असला तरी पुरे.

शिकवणाऱ्या संस्थाही निघाल्या. आपल्या बडोद्यात १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसा मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. स्वयंपाक हा प्रयोगशाळेत, तराजू आणि तापमापक घेऊन अभ्यासायचा विषय आहे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

पण खरी क्रांती मापाची होती. मराठीतले पहिले छापील पाकशास्त्राचे पुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'चे नाव घेतात. ते १८७५ सालचे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. शेर, तोळे, मासे यांच्या त्या जगातून कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने गृहिणीला बाहेर काढले आणि वाटी-चमच्याच्या मापात आणले. या पुस्तकाच्या लाखांवर प्रती खपल्या आणि महाराष्ट्राबाहेर लग्न होऊन जाणाऱ्या मुलीच्या सामानात ते असायचेच. भाजीत मीठ कमी-जास्त झाले तर सावरता येते, केकमध्ये सोडा जास्त पडला तर सावरता येत नाही. म्हणून 'अंदाजाने घाला' म्हणणारी वही केकपाशी आल्यावर अचानक काटेकोर होते : 'सपाट पाऊण चमचा, शीग नको.' जुन्या वह्या चाळल्या तर हा फरक लगेच दिसतो.

वह्या कुठे आहेत?

आता मुद्द्याची गोष्ट. आज ओव्हन प्रत्येक घरात आहे, मोजायचा काटा आहे, जगातली कुठलीही कृती हवी तेव्हा पाहता येते. नव्या मुली त्या करून पाहतात, बिघडले तर दुसऱ्यांदा करतात, यात कौतुकच आहे. त्यांनी चीजकेक करू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या घरांनी सुरतेची नानकटाई, इराण्याचा मावा केक आणि गोव्याचे बोलिन्ह आपले केले त्यांना तसे म्हणण्याचा अधिकारही नाही. चिंता आहे ती दुसरीच.

परदेशी कृती परदेशी पिठासाठी, लोण्यासाठी आणि हवेसाठी लिहिलेली असते. मे महिन्यातल्या बडोद्याच्या किंवा इंदूरच्या उन्हाळ्यात लोणी फेसायच्या आधीच वितळते, भाद्रपदातल्या गोव्यात पिठीसाखरेचा गोळा होतो. आपल्या गावच्या हवेत, आपल्या दुकानातल्या मैद्याने, बिनअंड्याचे काय आणि किती घालायचे याचे उत्तर कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी शोधून लिहून ठेवले आहे. कुठे? हिशेबाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर, 'स्त्री' मासिकातल्या कात्रणाच्या कडेला, पंचांगाच्या कोऱ्या पानावर. त्यात कृतीचे नाव असते, 'शेजारच्या काकूंची', 'भट्टीवाल्याने सांगितली', 'सिंधी वहिनींकडून' अशी टीप असते. ती टीप म्हणजे आपल्या वस्तीचा इतिहास आहे. मराठी घर कुणाच्या शेजारी राहिले, कुणाकडून काय शिकले आणि कुणाला काय दिले, हे दरबारच्या दप्तरात सापडणार नाही. ते तुपाचे डाग पडलेल्या या पानांवरच सापडेल.

आपले जुने वाडे विकले जात आहेत, त्यांच्या जागी सदनिका होत आहेत. आवराआवरीत दागिने, भांडी, फोटो वाचतात; वह्या रद्दीत जातात, कारण त्यांना कुणी कागदपत्र मानत नाही. मोडीतले दरबारी कागद जपायला आपण उशिरा का होईना शिकलो. बायकांनी बाळबोधीत लिहिलेले हे कागद जपायला अजून शिकायचे आहे.

म्हणून यंदाच्या उत्सवात मंडळाकडे एक विनंती करावीशी वाटते. पाककला स्पर्धेत पदार्थाशेजारी त्याची कृती ठेवावी आणि ती कुणाकडून आली ते दोन ओळींत लिहावे. ज्यांच्या घरी जुनी वही आहे त्यांनी तिची छायाचित्रे काढून मंडळाच्या ग्रंथालयाला द्यावीत. मूळ वही घरीच राहू दे. आणि ज्या आजी आज नव्वदीच्या घरात आहेत, त्यांच्याजवळ बसून नातीने एकदा तरी विचारावे की भट्टीवर नानकटाई न्यायच्या तेव्हा तूप किती वेळ फेसायच्या, वाळू किती तापली हे कसे ओळखायच्या. उत्तर सांगताना त्यांचा हात आपोआप परातीत फिरल्यासारखा फिरू लागतो. तो हात पाहून ठेवण्यासारखा आहे.